कस्टम ब्रश दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेला की त्याचा जीव का जातो?

कागदकाळा:
फोटोंची डागडुजी आणि अधूनमधून चित्रं, असं माझं मिश्र काम. इतके दिवस सगळं फोटोशॉपात चालायचं, आता दुसऱ्या मशीनवर गिंप आणि क्रिटा घेतलेत. जमवलेले ब्रश तिकडे न्यावेत म्हणून फोटोशॉपच्या ब्रशांची एबीआर फाइल उचलून टाकली. दोन्हीकडे विनातक्रार उघडली, यादीत टोकांची चित्रंही दिसली. पण वापरायला घेतलं तर खडूचा जो ब्रश फोटोशॉपात मस्त खरबरीत, दाबाप्रमाणे जाड-बारीक रेघ काढायचा, तो इथे नुसता एकच ठिपका ओळीने छापतोय. पेन दाबा किंवा अलगद धरा, फरक शून्य. पानांच्या ब्रशची सगळी पानं एकाच दिशेला तोंड करून बसतात.

दुसरं म्हणजे, शाईचा एक फराटा स्कॅन करून स्वतःचा ब्रश बनवायला घेतलाय. बनतो, पण प्रत्येक ठशाभोवती पुसटशी चौकट दिसते.

आणि तिसरं, जरा वादाचं. एका ठिकाणहून विकत घेतलेल्या पॅकमध्ये शेकडो ब्रश आहेत. ठेवू की उडवू?

वाचनमात्र:
तिसऱ्या प्रश्नासाठी खुर्ची ओढून बसलोय.

पिक्सेलपंत:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबेल.

आपण ज्याला ब्रश म्हणतो त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक टोकाचं चित्र, म्हणजे करड्या छटांमधलं लहानसं बिटमॅप. काळं तिथे पूर्ण रंग, पांढरं तिथे काही नाही, मधल्या छटा अर्धवट. दुसरी वस्तू म्हणजे ते चित्र कॅनव्हासवर कसं उमटवायचं याची नियमावली: किती अंतरावर, किती कोनात, दाब वाढला तर काय वाढवायचं, कुठे विस्कटायचं, कोणतं टेक्स्चर मधे घालायचं. रबरी शिक्का आणि तो मारणारा हात, असं समजा. स्ट्रोक म्हणून जो दिसतो तो त्या शिक्क्याचे एकावर एक पडलेले शेकडो ठसे असतात.

एबीआर फाइलमध्ये दोन्ही वस्तू असतात. पण नियमावली फोटोशॉपच्या इंजिनासाठी लिहिलेली. गिंप आणि क्रिटा त्यातून चित्रं उचलतात आणि नियमावली सोडून देतात. तुमच्याकडे शिक्का पोचला, हात मागे राहिला. खडूचा खडूपणा बहुतेक वेळा त्या हातातच असतो, टोकाचं चित्र अगदीच सामान्य निघतं.

तेव्हा नियमावली नव्याने लिहावी लागेल. फोटोशॉपात एफ५ दाबून ब्रश सेटिंग्जचं पॅनल उघडा आणि डावीकडे कशाकशावर खूण आहे ते बघून घ्या. शेप डायनॅमिक्स, स्कॅटरिंग, टेक्स्चर, ड्युअल ब्रश, ट्रान्स्फर या पाचांत नव्वद टक्के मामला उरकतो. (जुन्या ट्युटोरियलमध्ये ट्रान्स्फरच्या जागी अदर डायनॅमिक्स दिसेल, तेच ते.)

क्रिटात पण योगायोगाने एफ५ वरच ब्रश एडिटर उघडतो. तिथे आकार, ओपॅसिटी, फ्लो, कोन, स्कॅटर अशा प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र सेन्सर लावता येतो आणि प्रत्येक सेन्सरला स्वतःचा कर्व्ह. पानांसाठी रोटेशनला 'फझी डॅब' लावा, म्हणजे प्रत्येक ठशाला वेगळा कोन मिळेल. 'फझी स्ट्रोक' लावलात तर कोन स्ट्रोकमागे एकदाच बदलतो, तो इथे नको. फोटोशॉपच्या ड्युअल ब्रशचं काम क्रिटात मास्क्ड ब्रश करतो, ४.० आवृत्तीपासून आहे. खडूसाठी टेक्स्चरमध्ये खरबरीत पॅटर्न घ्या आणि स्ट्रेंग्थला प्रेशर जोडा. कर्व्ह सरळ ठेवू नका, मधे थोडा दाबा, नाहीतर हलक्या हातालाही सगळा कागद भरून जातो.

गिंपची मांडणी वेगळी. तिथे डायनॅमिक्स ही ब्रशच्या बाहेरची, स्वतंत्र वस्तू. एक तक्ता उघडतो: आडव्या ओळीत आकार, कोन, ओपॅसिटी, जिटर (आपोआप होणारी डगमग) वगैरे, उभ्या रकान्यांत दाब, वेग, दिशा, कल, रँडम, फेड. हवं तिथे खूण करायची. ब्रश बदलला तरी डायनॅमिक्स तेच राहतं, आणि नव्याने आलेल्यांचा गोंधळ इथेच होतो. ब्रश, डायनॅमिक्स आणि बाकी सेटिंग्ज एकत्र हवी असतील तर टूल प्रीसेट म्हणून जतन करा. ड्युअल ब्रशला मात्र गिंपमध्ये थेट जोड नाही. तिथे दोन्ही टोकांचा मिळून एकच बिटमॅप आधी बनवून घ्यावा लागतो.

निळीशाई:
पंतांचं सगळं बरोबर, पण त्याआधी दाब सॉफ्टवेअरपर्यंत पोचतोय का ते तर बघा! 'दाबा किंवा अलगद धरा, फरक शून्य' हे वाक्य वाचलं की मला आधी ड्रायव्हरचा संशय येतो.

गिंपमध्ये एडिट मेनूत इनपुट डिव्हायसेस आहे, तिथे पेनचा मोड डिसेबल्ड असेल तर तो स्क्रीन करा. मग डायनॅमिक्स 'ऑफ'वर नाही ना ते बघा. क्रिटात टॅबलेट सेटिंग्जमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत. एक चालत नसेल तर दुसरा निवडून क्रिटा बंद-चालू करा. तिथेच टेस्टर आहे, पेन फिरवलं की दाबाचे आकडे दिसतात. आकडा हलत नसेल तर ब्रशशी कुस्ती खेळण्यात अर्थ नाही.

फोटोशॉपात हेच तपासायचं तर पेन प्रेशरच्या शेजारी छोटा त्रिकोणी इशारा येतोय का बघायचं. तो असला म्हणजे त्याला पेन सापडलेलं नाही.

कागदकाळा:
निळीशाई, क्रिटात आकडे हलतायत. गिंपमध्ये मोड डिसेबल्डच होता. बदलला, आता आकार तरी बदलतोय. धन्यवाद. खडू अजून खडू झालेला नाही, पंतांच्या प्रतिसादावर बसतो आज.

अर्धाचंद्र:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. उडवा.

गोल ब्रश, कडा थोडी कडक, ओपॅसिटीला प्रेशर जोडलेलं. एवढ्यावर सगळं काम होतं. ब्रशचे पॅक जमवणं हा कामाला हात न लावता काम केल्याचा आनंद मिळवण्याचा उद्योग आहे. ढगांचा ब्रश मारून आलेले ढग लांबूनच ओळखू येतात, कारण तेच ते तीन ढग फिरवून फिरवून आलेले असतात. ढग कसा असतो हे न बघता ढग काढायचे असतील तर मग स्टॉक फोटोच लावा की.

वाचनमात्र:
आला, आला, आला.

तिरपीमान:
अर्धाचंद्र, चित्रांपुरतं तुमचं म्हणणं निम्मं पटतं. फोटोच्या कामात अजिबात पटत नाही.

क्लोन स्टॅम्पचं, म्हणजे फोटोतल्या एका जागेचे पिक्सेल दुसरीकडे छापणाऱ्या साधनाचं, उदाहरण घ्या. मऊ गोल ब्रशने क्लोन केलं की तिथली जागा गुळगुळीत, तुपकट दिसते. कारण साधं आहे. मऊ कडेच्या पट्ट्यात मूळ पिक्सेल आणि आणलेले पिक्सेल यांची सरमिसळ होते. दोन्हीकडचा दाणा, म्हणजे नॉइज, एकमेकांशी संबंध नसलेला. निम्मा-निम्मा मिसळला की त्याची तीव्रता मूळच्या सुमारे ७१ टक्क्यांवर येते (०.५ चा वर्ग दोनदा, बेरीज, वर्गमूळ). डोळ्याला तो पट्टा लगेच वेगळा जाणवतो, विशेषतः जास्त आयएसओवर काढलेल्या किंवा फिल्मवरून स्कॅन केलेल्या फोटोत. आता तिथे खडबडीत, तुटक कडेचं टोक घ्या. बहुतेक पिक्सेल एकतर पूर्ण बदलतात किंवा मुळीच बदलत नाहीत, आणि सीमारेषा इतकी वाकडीतिकडी की नजर तिला धरू शकत नाही. दाणा शाबूत राहतो.

केसांच्या मास्कचंही (पार्श्वभूमीपासून केस वेगळे करायचे तेव्हा) तसंच. गोल ब्रशने केसांची कड रंगवणं म्हणजे डोक्यावर टोपी घालणं. त्यासाठी पाच-सहा लहानमोठे ठिपके अनियमित अंतरावर असलेलं टोक बनवा, स्पेसिंग (दोन ठशांमधलं अंतर) अगदी कमी ठेवा, कोनाला दिशा जोडा. एका फटकाऱ्यात पाच-सहा बटा निघतात. ठिपक्यांच्या करड्या छटा वेगवेगळ्या ठेवा, म्हणजे काही बटा पुढे आणि काही मागे वाटतात. आकाराला प्रेशर द्या की टोकाकडे बारीक होतात. हा ब्रश बनवायला फारसा वेळ लागत नाही आणि पोर्ट्रेटच्या कामात रोज लागतो.

त्वचेसाठी पण बारीक ठिपक्यांचं, फिकट, स्कॅटर केलेलं टोक हवंच. जिथे जास्त गुळगुळीत झालंय तिथे वेगळ्या लेयरवर हलक्या हाताने.

पॅक उडवायला माझा विरोध नाही, पण कस्टम ब्रशच नको हे अती झालं.

अर्धाचंद्र:
केसांच्या ब्रशवर माघार. टोपीचं खरंय. पॅकवर ठाम.

शाईचाडाग:
चौकटीकडे कोणी बघतंय का?

कागदकाळा, तुमचा कागद पांढरा नाहीये. डोळ्याला पांढरा दिसतो, पण आयड्रॉपर लावून बघा. स्कॅन केलेला कागद सहसा २४५-२५२ च्या आसपास येतो, २५५ नाही. समजा २५० आहे. म्हणजे सुमारे २ टक्के काळेपणा राहिला, तो ब्रशमध्ये २ टक्के रंग म्हणून जातो. एका ठशात हा कळेल न कळेल असा असतो. पण स्पेसिंग १० टक्के असेल तर प्रत्येक जागेवर दहा ठसे चढतात आणि ते २ टक्के साठून १८ टक्क्यांच्या जवळ जातात. म्हणून एकेकट्या ठशाला चौकट दिसते आणि स्ट्रोक ओढला की सरळ धारेचा मळकट पट्टा.

माझी पद्धत अशी. स्कॅन ६०० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये. लेव्हल्समध्ये पांढरा स्लायडर आत ओढायचा, कागद पूर्ण २५५ होईपर्यंत. काळा स्लायडर मात्र जपून, शाईच्या आतल्या छटा गेल्या की ब्रश रबरी दिसतो. मग तपासणीसाठी एक युक्ती: वर तात्पुरता कर्व्हज लेयर टाकून उजळ भाग प्रचंड ताणायचा, म्हणजे उरलेले सगळे डाग डोळ्यांत येतात. ते पांढऱ्या ब्रशने पुसायचे, कर्व्हज काढून टाकायचा. कडेला चारही बाजूंनी शुद्ध पांढरी मोकळी जागा सोडायची, शाई कडेला टेकली तर ती कापल्यासारखी सरळ रेषा प्रत्येक ठशात दिसते. कॅनव्हास चौरस ठेवला तर कोन फिरवताना अंदाज नीट येतो.

मग फोटोशॉपात एडिट मेनूतून डिफाइन ब्रश प्रीसेट. गिंपमध्ये नुसतं कॉपी केलं तरी ते ब्रशच्या यादीत पहिल्या जागी क्लिपबोर्ड ब्रश म्हणून येऊन बसतं, लगेच वापरून बघता येतं. पसंत पडलं तर पेस्ट अ‍ॅज मधून न्यू ब्रश. किंवा ग्रेस्केल चित्र जीबीआर म्हणून एक्सपोर्ट करून ब्रशच्या फोल्डरमध्ये ठेवायचं आणि रिफ्रेश दाबायचं. मी क्लिपबोर्डवालाच मार्ग वापरतो, कारण दहातले आठ ब्रश दोन फटकाऱ्यांतच नापास होतात. त्यांना नाव देत बसायचं कशाला!

कागदकाळा:
आयड्रॉपरने २४८ दाखवलं.

शाईचाडाग:
घ्या.

रेषाळू:
एक गोष्ट कोणी नीट बोललेलं नाही, स्पेसिंग आणि फ्लो यांचं नातं. तोच ब्रश दुसरीकडे 'फिकट' किंवा 'गडद' का वाटतो याचं बरंचसं उत्तर त्यात आहे.

स्पेसिंग म्हणजे दोन ठशांमधलं अंतर, ब्रशच्या व्यासाच्या टक्क्यांत. १० टक्के स्पेसिंग असेल तर मधल्या रेषेवरच्या एका बिंदूवरून साधारण दहा ठसे जातात. फ्लो म्हणजे प्रत्येक ठसा किती रंग टाकतो. फ्लो १० टक्के, ठसे दहा: प्रत्येक ठसा उरलेल्या मोकळ्या जागेचा दहावा भाग भरतो, म्हणून १ वजा ०.९ चा दहावा घात, सुमारे ६५ टक्के. आता फ्लो तोच ठेवून स्पेसिंग २५ करा. चारच ठसे, ३४ टक्के. स्पेसिंग ५ केलं तर वीस ठसे, जवळपास ८८. म्हणजे 'फ्लो १०' हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. कोणाचं सेटिंग उतरवून घेताना स्पेसिंग विचारलं नाहीत तर फ्लो विचारू नका. हिशेब ढोबळ आहे, मऊ टोकाला आणखी उतरेल, पण कल हाच.

ओपॅसिटी हे छप्पर. फोटोशॉपात ओपॅसिटी ५० असेल तर पेन न उचलता कितीही घासा, पन्नासच्या वर जात नाही. पेन उचलून पुन्हा टेकवलं की नवा हिशेब सुरू. क्रिटात हा फरक पेंटिंग मोडमध्ये आहे: वॉश म्हणजे छप्पर असलेला, बिल्ड अप म्हणजे साठत जाणारा. गिंपच्या पेंटब्रशला इन्क्रिमेंटल नावाची खूण आहे, ती केली की एकाच स्ट्रोकमध्ये ठसे एकमेकांवर साठतात. आणलेला ब्रश जमत नसेल तर कर्व्ह खाजवण्याआधी ही खूण बघावी.

वेगाचंही गणित यातच. १००० पिक्सेलचं टोक घेऊन ३००० पिक्सेल लांब फटकारा मारला. स्पेसिंग २५ असेल तर सुमारे १२ ठसे. स्पेसिंग १ असेल तर ३००. प्रत्येक ठसा १० लाख पिक्सेलचा, म्हणजे ३० कोटी पिक्सेलची उलाढाल. मग कर्सर मागे रेंगाळतो आणि लोक मशीनला शिव्या देतात. खरबरीत टोकाला १ टक्का स्पेसिंग लागतच नाही, उलट सगळं टेक्स्चर एकमेकांत भरून सपाट होऊन जातं. खडूसाठी मी ८ ते १५ मध्ये खेळतो. वर तिरपीमान यांनी सांगितलेला केसांचा ब्रश मात्र अपवाद, तिथे ठिपके जोडले जाऊन रेघ व्हायला हवी.

तिरपीमान:
रेषाळू +१. मऊ ब्रशवाल्यांसाठी पुरवणी: मोठा मऊ ब्रश, कमी फ्लो, आणि आठ बिटची फाइल, हे तिन्ही एकत्र आले की आकाशात पट्टे पडतात. फाइल सोळा बिटची करा.

नवशिका:
मधेच विचारतो, माझ्या फोटोशॉपात ब्रशचा गोलच दिसेनासा झालाय, नुसती अधिकची खूण दिसते. कोणता ब्रश बिघडला असेल?

निळीशाई:
कॅप्स लॉक बंद करा.

नवशिका:
🙏

कागदकाळा:
पानांबद्दल पुढचा प्रश्न. कोन बदलून पानं फिरायला लागली, पण शेवटी ते एकच पान आहे हे कळतंय. वेगवेगळी पानं एकाच ब्रशमध्ये घालता येतात?

पिक्सेलपंत:
गिंप आणि क्रिटात येतात. जीआयएच नावाचा प्रकार त्यासाठीच आहे, एका फाइलमध्ये अनेक टोकं. गिंपमध्ये एकाच आकाराच्या कॅनव्हासवर प्रत्येक पान स्वतंत्र लेयरवर ठेवा आणि जीआयएच म्हणून एक्सपोर्ट करा. एक खिडकी येते, तिथे निवड कशी व्हावी ते सांगायचं: रँडम म्हणजे कुठलंही, इन्क्रिमेंटल म्हणजे क्रमाने, अँग्युलर म्हणजे स्ट्रोकच्या दिशेप्रमाणे, शिवाय दाब आणि वेग वगैरे. पानांना रँडम. पावलांच्या ठशांसारखं काही असेल तर इन्क्रिमेंटल, डावं-उजवं-डावं-उजवं. अँग्युलरची गंमत स्वतः करून बघा, दोरखंड किंवा साखळी काढायला झकास.

चित्र ग्रेस्केल ठेवलंत तर पानं तुमच्या चालू रंगात उमटतील. रंगीत आणि पारदर्शक पार्श्वभूमीचं ठेवलंत तर स्वतःच्या रंगात. क्रिटात तिसरी सोय आहे, टोकाचा उजळ-गडदपणा ठेवून रंग मात्र तुमचा. पानांना तीच शोभते, शिरा दिसतात आणि हिरवा आपल्या मनासारखा.

फोटोशॉपात एका ब्रशमध्ये अशी अनेक टोकं घालता येत नाहीत. तिथे स्कॅटर, कोन, फ्लिप आणि आकाराचा जिटर यांवर भागवायचं, नाहीतर एका टोकातच तीन-चार पानांचा झुबका काढायचा.

जाता जाता, चित्राचाच तुकडा कापून ब्रश करण्याची कल्पना फोटोशॉपची नव्हे. १९८५ मध्ये अमिगा संगणकावर डिलक्स पेंट आलं, डॅन सिल्व्हा यांनी लिहिलेलं. त्यात पडद्यावरचा कुठलाही तुकडा उचलला की तोच ब्रश व्हायचा, आणि तो घेऊन रंगवत सुटायचं. फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० ची. गिंपचा क्लिपबोर्ड ब्रश वापरताना मला ते आठवतं.

अर्धाचंद्र:
पंत एकदा इतिहासात शिरले की...

पिक्सेलपंत:
चार ओळीच लिहिल्या, मोजा.

झरोका:
तयार पॅकविषयी थोडं, कारण मी दोन्ही बाजूंनी आहे: विकत घेतले आहेत, बनवून वाटलेही आहेत.

पॅक उडवायच्या आधी त्यातून शिकून घ्या. चांगल्या ब्रशकाराचा एखादा ब्रश उघडून त्याच्या सेटिंग्जमधली एकेक खूण काढत जा आणि प्रत्येक वेळी एक फटकारा मारा. कुठली खूण काढल्यावर ब्रशचा प्राण जातो ते कळतं. काइल वेबस्टर यांचे ब्रश अडोबीने २०१७ मध्ये घेतले आणि वर्गणीदारांना ते वेगळे पैसे न देता उतरवून घेता येतात, ते अशा चिरफाडीला उत्तम आहेत. त्यांच्यात टेक्स्चर आणि ड्युअल ब्रश यांचा वापर बघण्यासारखा आहे. पॅकमधल्या ज्या ब्रशचा प्राण सापडत नाही, म्हणजे सगळ्या खुणा काढल्या तरी जो तसाच दिसतो, तो नुसताच शिक्का आहे. असे बहुतेक निघतील. ते खुशाल उडवा.

परवान्याचंही बघा. 'फुकट' लिहिलं म्हणजे काहीही करायला मोकळे असं नाही. बहुतेक विकाऊ पॅकमध्ये तुम्ही काढलेलं चित्र विकायची मुभा असते, पण ब्रश पुढे वाटायला किंवा थोडा बदलून आपल्या नावाने द्यायला मनाई असते. क्रिएटिव्ह कॉमन्सचा सीसी शून्य परवाना असेल तर प्रश्न नाही, सीसी बाय असेल तर वाटताना मूळ कर्त्याचं नाव द्यायचं. आणि दुसऱ्याच्या फोटोतून टोक कापून पॅक बनवू नका. करड्या छटांत आणलं म्हणून तो फोटो तुमचा होत नाही. पान, भिंत, गंज, शाई यांचे फोटो काढायला परवानगी लागत नाही, आपलेच काढावेत.

एक सोय सांगते. फोटोशॉपात नवा ब्रश जतन करताना टूल सेटिंग्ज धरायची का, आकार धरायचा का, रंग धरायचा का, अशा तीन खुणा येतात. टूल सेटिंग्जची खूण केली नाहीत तर ओपॅसिटी, फ्लो आणि ब्लेंड मोड ब्रशबरोबर जात नाहीत. 'तुझा ब्रश माझ्याकडे तसा चालत नाही' या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं. क्रिटात प्रीसेटची केपीपी फाइल म्हणजे पोटात सेटिंग्ज भरलेली पीएनजी. कोणाला द्यायची तर नुसती ती देण्यापेक्षा बंडल करून द्या, म्हणजे टोक आणि टेक्स्चर बरोबर जातात.

रेषाळू:
झरोकाताई, खुणा काढत जाण्याची कल्पना उचलली.

शाईचाडाग:
टेक्स्चरवरून आठवलं. ब्रशमध्ये घालायचं टेक्स्चर सांधेजोड न दिसणारं हवं, नाहीतर मोठ्या भागावर फरशीसारख्या रेषा येतात. क्रिटात डब्ल्यू दाबून रॅप अराउंड मोड चालू करा, कडेवरून गेलेला स्ट्रोक पलीकडून आत येतो, तिथेच सांधे मिटवा. गिंप आणि फोटोशॉपात ऑफसेटने चित्र अर्धं सरकवून मधला सांधा क्लोन करायचा. आणि टेक्स्चरमध्ये नजरेत भरणारा एकही डाग ठेवू नका. एक ठळक ठिपका राहिला तरी तो ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा भेटतो.

नवशिका:
आयपॅडवर प्रोक्रिएट आहे. शाईचाडाग यांच्या पद्धतीने टोक बनवून नेलं तर मधे भोक आणि भोवती भरलेला चौकोन येतोय.

तिरपीमान:
प्रोक्रिएटमध्ये उलटं असतं. पांढरं उमटतं, काळं पारदर्शक. चित्र इन्व्हर्ट करून आणा, शेप एडिटरमध्येही उलटं करता येतं. तिथे शेप आणि ग्रेन असे दोन भाग, शेप म्हणजे टोक, ग्रेन म्हणजे आतलं टेक्स्चर. एबीआर सरळ घ्यायची सोय पाचव्या आवृत्तीपासून आहे. तिथे सेटिंग्जही बऱ्यापैकी उतरतात, तरी स्पेसिंग आणि ग्रेनचा आकार हाताने तपासा.

कागदकाळा:
प्रगती कळवतो. क्रिटात खडू जमला: टोक जुनंच, स्पेसिंग १२, टेक्स्चर स्ट्रेंग्थला प्रेशर, कर्व्ह मधे दाबलेला, पेंटिंग मोड वॉश. फोटोशॉपच्या खडूसारखा हुबेहूब नाही, पण मला हाच जास्त आवडतोय, हलक्या दाबाला कागदाचे उंचवटे छान पकडतो. चौकट गेली. पानं जीआयएच करून सात प्रकारची घातली. पॅकवर झरोका यांची चिरफाड चालवली, आत्तापर्यंत निम्मे शिक्केच निघाले.

गिंपमध्ये मात्र खडू अर्धवटच आहे, दाणा दाबाप्रमाणे बदलत नाही.

पिक्सेलपंत:
गिंपमध्ये मायपेंट ब्रश टूल वापरून बघितलंत का? २.१० आवृत्तीपासून आत आहे. त्याचं इंजिन वेगळं, साध्या पेंटब्रशशी संबंध नाही, एमवायबी फाइली घेतं. त्यात खडू-कोळशाचे ब्रश आहेत आणि दाबाला चांगली दाद देतात. तुमचं टोक त्यात जाणार नाही, पण परिणाम हवाय की टोक हवंय ते ठरवा. टोकच हवं असेल तर जीआयएचमध्ये तेच टोक चार लेयरवर ठेवा, पहिलं अगदी विरळ आणि शेवटचं भरगच्च, आणि निवड प्रेशरवर. दाणा दाबाप्रमाणे बदलल्याचा भास होतो.

रेषाळू:
पंत, हे भारी आहे. चार ऐवजी आठ लेयर घेतले तर पायऱ्या जाणवणार नाहीत.

पिक्सेलपंत:
आठ घ्या, पण एकाच मूळ चित्रावर थ्रेशोल्ड बदलत बनवा. वेगवेगळे स्कॅन घेतलेत तर दाब बदलताना दाणे जागचे उड्या मारतात.

नवशिका:
शेवटचं विचारतो. वेबवरून उतरवलेला एक ब्रश आहे, तो ८०० वर नेला की धुरकट होतो. सेटिंग कुठलं बदलू?

शाईचाडाग:
कुठलंच नाही. त्याचं मूळ टोक शंभर-दीडशे पिक्सेलचं असेल, ते ताणलं जातंय. फोटोशॉपात ब्रश सेटिंग्जमध्ये टोकाच्या चित्राखाली मूळ आकाराचा आकडा दिसतो, आकार बदलल्यावर मूळावर परतायचं बटणही तिथेच येतं. स्वतः बनवताना ज्या सर्वांत मोठ्या आकारात वापरणार तेवढं तरी टोक ठेवा. फोटोशॉपात ब्रश ५००० पिक्सेलपर्यंत जातो म्हणून तेवढं बनवू नका, फाइल फुगेल. छपाईच्या कामालाही मला १५००-२००० च्या वर कधी लागलेलं नाही. लहान टोकाचाच मोठा फराटा हवा असेल तर तो ८०० वर नेण्याऐवजी मूळ आकारात ठेवून स्कॅटर वाढवा, काउंट तीन-चार करा, तेवढीच जागा भरते आणि कडा तीक्ष्ण राहतात.